गुरुवारी रजिस्ट्रार घरी येणार आहे, सही करू का? (घटस्फोट, एमएस आणि ऐरोलीचं घर)

खुर्चीतून_ऐरोली | सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायची वेळ अशी येईल वाटलं नव्हतं. नवीन आयडी घेतलाय, कुणी ओळखलंच तर प्लीज ओळख दाखवू नका.

वय ४३. २०१६ ला एमएस निघाला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आधी नुसते पाय जड, मग काठी, मग वॉकर, २०२१ पासून बाहेर जायला व्हीलचेअर आणि गेल्या दिवाळीपासून घरातही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, ७० टक्के. नोकरी २०१८ ला सोडली. नवरा आयटीत, हातात १ लाख ४० च्या आसपास येतात. मुलगा आठवीत. घर ऐरोलीला, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर टू बीएचके, २०१२ ला रीसेलने घेतलं, अ‍ॅग्रीमेंटवर दोघांची नावं, लोनवरही दोघांची. डाउन पेमेंटला माझ्या पाटल्या आणि गोठ मोडले होते, आणि नोकरी होती तोवर निम्मा हप्ता माझ्या अकाउंटमधून जायचा.

नवरा वाईट नाही हो. पीत नाही, हात उगारत नाही. दीड वर्ष झालं हॉलमध्ये झोपतो. मार्चमध्ये अगदी शांतपणे म्हणाला की आता मला होत नाही, म्युच्युअल करू, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट. मला १५ लाख एकदाच देणार, मी आईकडे डोंबिवलीला जायचं, फ्लॅट तो ठेवणार आणि त्यासाठी माझा हिस्सा मी आधी त्याच्या नावावर करून द्यायचा. वकील एकच, दोघांचा, त्याच्या मित्राचा भाऊ. आणि म्हणतो तुला ऑफिसात जायचा त्रास नको म्हणून रजिस्ट्रारलाच घरी बोलावलंय, गुरुवारी सकाळी.

डोंबिवलीला आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. आई ७४ ची.

इथला बाथरूम मी स्वतः उभं राहून करून घेतलाय, तेव्हा उभी राहू शकत होते. दार २४ इंची होतं, चौकट फोडून ३३ केलं, उंबरा काढला, कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे बसवले. एक दांडा मिस्त्रीने दोन इंच वर लावला म्हणून त्याच्याशी भांडले होते, तो काढून परत लावून घेतला. आता तोच दांडा धरून रोज उठते. हा बाथरूम मला परत कुठे मिळणार, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाहीये.

नाही म्हटलं तर तो म्हणतो, आजारपणाच्या ग्राउंडवर कोर्टातून घेईन, मग तुला १५ पण मिळणार नाहीत. सही करू का? तीन दिवस आहेत.

कळवा_फाटक | सोमवार, रात्री ११:५८

ताई सही करू नका. बाकीचं सगळं मागाहून बोलू. सही करू नका.

शिळफाटा_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री १२:०६

+१. आधी सही मग पैसे, हा कुठला न्याय? पैसे तरी चेकने की नुसते तोंडी?

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, सकाळी ७:३०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सगळे नवऱ्यावर तुटून पडायच्या आधी विचार करा, नऊ वर्षं त्या माणसाने केलंय. माझ्या काकांना पॅरालिसिस झाला तेव्हा काकूंची काय अवस्था झाली ते मी पाहिलंय. त्यालाही आयुष्य आहे की नाही? १५ लाख काही कमी नाहीत, पळून तर गेलेला नाही ना तो. कोर्टात गेलात तर दहा वर्षं जातील, वकील खाऊन टाकतील आणि मुलाचे हाल होतील.

हिशोबनीस | मंगळवार, सकाळी ८:१५

१५ लाख कमी की जास्त ते भावनेवर नको, आकड्यावर ठरवूया. ताई, ऐरोलीत तुमच्या भागात जुन्या टू बीएचकेचा आज काय भाव सांगतात, लोन किती राहिलंय आणि महिन्याचा तुमच्या दुखण्याचा खर्च किती, एवढं द्या.

खुर्चीतून_ऐरोली | मंगळवार, सकाळी ९:०२

एजंट १ कोटी २० सांगतो. लोन १४ लाख बाकी.

खर्च: सकाळी ८ ते रात्री ८ बाई आहे ब्युरोची, २१,०००. फिजिओ घरी येतो आठवड्यात तीनदा, ६,०००. डायपर, कॅथेटर, पॅड वगैरे ३,५००. रोजच्या गोळ्या ४,५००. शिवाय वर्षातून दोनदा इन्फ्युजन (सलाइनमधून द्यायचं औषध), एका वेळचे ४५,०००, ते आत्ता त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून होतं, डे केअरमध्ये.

हिशोबनीस | मंगळवार, सकाळी ९:४०

महिन्याचे ३५,०००, म्हणजे वर्षाचे ४ लाख २०. इन्फ्युजनचे ९०,००० धरले तर ५ लाख १०. पंधरा लाख तीन वर्षंसुद्धा पुरत नाहीत, आणि यात जेवण, लाइट बिल, मुलगा, महागाई काहीच नाही. ब्युरोवाले दर वर्षी हजार-दोन हजार वाढवतात ते आहेच. बँकेत टाकून सात टक्क्यांनी व्याज खाल्लं तरी महिन्याला पावणेनऊ हजार, त्यात बाईचा अर्धा पगार पण निघत नाही.

आता दुसरी बाजू. १ कोटी २० मधून लोन वजा जाता १ कोटी ६ लाख. निम्मं धरलं तर तुमचे ५३. ते सोडायचे आणि १५ घ्यायचे. म्हणजे तो तुम्हाला १५ लाख देत नाहीये, तुमच्याकडून ३८ घेतोय. पोटगी अजून सुरूच झालेली नाही यात.

@मुलुंड_चेकनाका, दादा, आता बोला.

कळवा_फाटक | मंगळवार, सकाळी ९:४४

अरे देवा. हे असं मांडल्यावर पोटात गोळाच आला.

न्यूजर्सीचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी १०:१०

इकडे तर सरळ सगळ्या मॅरिटल प्रॉपर्टीची वाटणी होते, कुणाच्या नावावर आहे ते कोण बघतो. तिकडे पण बायकोला अर्धं मिळतंच ना?

काळाकोट | मंगळवार, दुपारी १:२०

कोर्टातून आत्ता मोकळा झालो, सगळ्यांना एकदमच उत्तर देतो, लांबण लागेल.

न्यूजर्सीकर, नाही मिळत. आपल्याकडे लग्न झालं म्हणून संपत्ती दोघांची होत नाही, ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, लग्नाने संपत्ती समाईक होते. बाकी देशासाठी बायकोला वाटा द्यायचं विधेयक २०१३ ला राज्यसभेत मंजूर झालं होतं पण पुढे बारगळलं. म्हणूनच ताई, अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव आहे ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. किती टक्के ते लिहिलं नसेल तर सुरुवातीला निम्मं-निम्मं धरतात. तो म्हणेल की हप्ते मी भरले, तर तुमचे २०१२ ते १८ चे बँक स्टेटमेंट आणि सोनाराची मोड-पावती आजच शोधायला घ्या. स्टेटमेंट बँकेकडून जुनं पण मिळू शकतं, अर्ज करा.

आता धमकी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणं मोजून दिलीत. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, बरं न होणारं मानसिक आजारपण आणि अशी अजून काही. शारीरिक अपंगत्व त्यात नाही. कुष्ठरोग होता, तो २०१९ ला काढला. मानसिक आजाराचंसुद्धा असं आहे की नुसतं स्किझोफ्रेनिया लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन दाखवून घटस्फोट मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१३ ला स्पष्ट सांगितलंय. तेव्हा एमएस आहे म्हणून घटस्फोट, हे होत नाही. तो क्रूरता वगैरे लावून केस टाकू शकतो, ते कुणीही टाकू शकतं, पण सिद्ध त्याला करावं लागेल. त्यालाही हे माहीत आहे, म्हणून तर म्युच्युअलची घाई.

आणि गुरुवारचं. तुमच्या बोलण्यावरून तो हक्कसोड नाही, बक्षीसपत्र (गिफ्ट डीड, म्हणजे तुमचा हिस्सा त्याला भेट दिल्याचा कागद) करतोय असं वाटतं. कारण नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०१५ पासून २०० रुपयांवर आणलंय. आजारी माणसासाठी रजिस्ट्रारने घरी येणं, गृहभेट म्हणतात, ते पण कायद्यात बसतं, त्यात गैर काही नाही. गैर हे की बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की 'मला तेव्हा कळलं नाही' म्हणून मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं. उलट म्युच्युअलच्या अर्जावरची संमती डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) होईपर्यंत मागे घेता येते, १९९१ चा निकाल आहे. म्हणजे ज्यातून माघार घेता येते ते तो नंतर करतोय आणि ज्यातून घेता येत नाही ते आधी. वकील तयारीचा आहे.

तो वकील तुमचा नाही, हे लिहून भिंतीला चिकटवा. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, विधी सेवा कायदा १९८७, कलम १२. महिलेलाही मिळतो, तुम्ही दोन्ही दारांनी आत. ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जाणं जमणार नाही तर १५१०० ला फोन लावा.

चाकावरचा_माणूस | मंगळवार, दुपारी ३:३५

खारघरहून. पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळा, २०१४ चा अपघात, २०१९ ला घटस्फोट. मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणजे मी नवरा आणि बायको कमावती. माझ्या केसमध्ये मी पोटगी मागितली. होय, पुरुषाने. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आणि २५ दोघांनाही आहे, ज्याची ऐपत नाही त्याला. नांदेडच्या एका शिक्षिकेला नवऱ्याला महिना ३,००० द्यायला लावलेले हायकोर्टाने २०२२ ला कायम ठेवले तेव्हा पेपरात बातमी आली होती, आमच्या ग्रुपवर लोकांनी हसायच्या स्मायल्या टाकल्या. ज्याला लघवीची पिशवी दुसऱ्याकडून रिकामी करून घ्यावी लागते त्याने हसावं मग.

कायद्याचं काळाकोट सांगतीलच. मी एक काम सांगतो जे मला माझ्या वकिलाने नाही, फिजिओने सांगितलं होतं. एक वही घ्या. २४ तास. कोण, किती वाजता, काय करतं. बाई काय करते, नवरा काय करतो, पाणी कोण देतं, कूस कोण बदलतं, रात्री कोण उठतं. फक्त एक दिवस लिहा, प्रामाणिकपणे. तुम्ही हिशोबनीसला जो खर्च दिलात तो विकत घेतलेल्या मदतीचा आहे. फुकट मिळणारी मदत त्यात नाहीच, आणि घटस्फोटानंतर सगळ्यात आधी तीच जाते.

कोर्टाची भीती वाटते ना, ती खरी आहे. माझ्या केसच्या कोर्टात, कुठलं ते सांगत नाही, लिफ्ट दोनदा बंद होती, दोन हवालदारांनी मला खुर्चीसकट वर नेलं, मला पोत्यासारखं वाटलं. तिसऱ्या तारखेला वकिलाकडून अर्ज टाकला, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजेरी मिळाली. साक्ष घ्यायला तर कमिशनर घरी येऊ शकतो, दिवाणी संहितेत ऑर्डर २६ आहे आजारी माणसासाठी. रजिस्ट्रार घरी येतो तसं कोर्ट पण घरी येतं, फक्त ते कुणी सांगत नाही.

विशाखा_ठाणे | मंगळवार, संध्याकाळी ६:१२

चाकावरचा_माणूस, ती शेवटची ओळ माझ्या वहिनीला पाठवतेय.

निघून_आलेली | मंगळवार, रात्री १०:२०

लिहू की नको करत होते. मी सोडून आलेली आहे. नवऱ्याला स्ट्रोक, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सहा वर्षं केलं. सहाव्या वर्षी एकदा त्याला भरवताना मी चमचा जरा जोरात आत घातला आणि त्याच्या ओठातून रक्त आलं, तेव्हा कळलं की आता मी इथे राहिले तर काय होईल. निघाले. आज त्याला महिना ९,००० देते, कोर्टाने लावलेले नाहीत, आम्ही कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मिळून ठरवलेल्या अटी) लिहिलेत. घर त्याच्या नावावर होतं ते त्याच्याकडेच राहिलं, त्याची बहीण तिथे राहते.

तेव्हा मुलुंडकर म्हणतात ते मला कळतं. दमणं खरं असतं, त्याला कुणी राक्षस ठरवू नका. पण ताई, दमलेल्या माणसाला निघायचंय ही एक गोष्ट आणि निघताना घर पण न्यायचंय ही दुसरी. पहिलीला माझी सहानुभूती आहे.

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, रात्री १०:४१

५३ चा हिशोब मी केला नव्हता, तेवढं मान्य. बाकी मतावर ठाम आहे.

दगडी_शाळा | मंगळवार, रात्री ११:०५

आजकालच्या बायकांना नुसता पैसा हवा. त्यापेक्षा माहेरी जाऊन देवाचं नाव घ्यावं.

शिळफाटा_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री ११:०७

तुम्ही जा ना तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअर घेऊन. देव वाट बघतोय.

संपादक | मंगळवार, रात्री ११:३०

वरच्या दोघांचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याची काशी करू नका, बाईंना परवा निर्णय घ्यायचाय.

खुर्चीतून_ऐरोली | बुधवार, पहाटे ४:१०

वही लिहिली. कालचा दिवस. हात कापतो म्हणून फोनवर बोलून टाइप केलंय, चुका असतील.

सकाळी ७ चहा, नवरा, कप हातात देतो आणि जातो. ८ ते ८ बाई, अंघोळ, कपडे, नाश्ता, खुर्ची, जेवण, दुपारी कूस, फिजिओच्या वेळी पाय धरणं. संध्याकाळी ७ ला नवरा येतो, मला काही लागतं का विचारतो. रात्री ९ ला खुर्चीतून बेडवर, नवरा आणि मुलगा मिळून. ११:३० ला कूस, मुलगा. २:३० ला बाथरूम, मुलगा. ४ ला पाय आखडले, ताणून द्यायला, मुलगा.

लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. मला वाटत होतं की रात्रीचं नवरा करतो. करायचा. कधी बंद झालं मला आठवतच नाही. दोन महिने म्हणावं तर गणपतीत पण मुलगाच उठत होता. सकाळी ६:४० ला त्याची स्कूल बस असते. पहिल्या युनिट टेस्टला गणितात नापास झाला तेव्हा मोबाइल बघत बसतोस म्हणून मी त्यालाच रागावले होते.

चाकावरचा_माणूस | बुधवार, सकाळी ७:०५

ताई, ही वही जपून ठेवा. फोटो काढून मेलवर टाका.

रात्रीसकट राहणारी बाई धरा आता. खारघरला मला २४ तासांचा माणूस २९,००० ला पडतो, जेवण आपलं.

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ७:३२

२१ च्या जागी २९ घातले तर वर्षाचे ६ लाख ६ हजार. १५ लाख, अडीच वर्षं.

काळाकोट | बुधवार, सकाळी ८:५०

ही वही म्हणजे तुमचा पुरावा. रजनेश वि. नेहा म्हणून सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे, नागपूरच्या फॅमिली कोर्टातून गेलेली केस. त्यानंतर पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, पगार, एफडी, शेअर, कर्ज सगळं. त्याच निकालात आहे की जोडीदाराला गंभीर अपंगत्व असेल, सतत काळजी आणि पुन्हापुन्हा येणारा खर्च असेल, तर पोटगी ठरवताना ते धरायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या नाही. लोक २५ टक्के, २५ टक्के करतात, तो २०१७ च्या एका निकालातला आकडा आहे, नियम नाही. त्याच्या पगाराचे २५ टक्के म्हणजे ३५,०००, आणि तुमची नुसती बाई-फिजिओ-औषधंच ४३,००० वर जातायत. म्हणून वही.

एकरकमी घ्यायचीच असेल तर एक ओळ डोळ्यात तेल घालून बघा: 'यापुढे कोणतीही मागणी करणार नाही'. सगळ्या कन्सेंट टर्म्समध्ये असते. कोर्टाने महिन्याची कायम पोटगी लावली तर परिस्थिती बदलल्यावर ती वाढवून मागता येते, कलम २५ चं दुसरं पोटकलम. वरची ओळ लिहून दिलीत की ते दार तुम्हीच लावून घेतलंत. आणि एमएस वाढत जाणारा आजार आहे, आधी नुसते पाय जड, मग काठी आणि आज खुर्ची हे तुम्हीच लिहिलंय. तुमची परिस्थिती बदलणार हे आजच माहीत आहे. एकरकमी रकमेवर इन्कम टॅक्स लागत नाही आणि महिन्याच्या पोटगीवर लागतो असं सांगून तो वकील तुम्हाला पटवेल. खरं आहे ते, पण तुमच्या बाबतीत तेवढ्यावर ठरवू नका.

तिसरं, कलम २५ मध्येच आहे की पोटगीसाठी समोरच्याच्या स्थावरावर चार्ज ठेवता येतो. सात-बारावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो ना, तसं. त्याच्या निम्म्या हिश्श्यावर तुमच्या पोटगीचा बोजा. मग विकून पळता येत नाही. किंवा उलटंच मागा, त्याने त्याचा हिस्सा तुम्हाला बक्षीस द्यावा, पण ते डिक्रीच्या आधी, कारण ती २०० रुपयांची सवलत नवरा-बायकोला आहे, माजी नवरा-बायकोला नाही. लोन आहे तेव्हा बँकेची परवानगी, आणि सिडकोची लीजची जागा म्हणून सिडकोचं एनओसी. नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

घराबाहेर काढायचा प्रयत्न झाला तर घरगुती हिंसाचार कायदा २००५. हात उगारत नाही म्हणालात, पण त्या कायद्यात आर्थिक छळ पण येतो, आणि राहत्या घरातून काढू नये असा आदेश मागता येतो.

डोंबिवली_फास्ट_नाही | बुधवार, सकाळी ९:२५

मेडिक्लेमचं कुणी बोललं नाही. मी एचआरमध्ये आहे. घटस्फोटाची डिक्री झाली की ग्रुप पॉलिसीतून स्पाउस जातो, त्याच महिन्यात. मग इन्फ्युजन? बाहेर नवीन पॉलिसी काढायला गेलात तर एमएस ऐकून एजंट फोन ठेवतो. २०२३ ला इन्शुरन्सच्या नियामकाने सगळ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवायला लावलीय, पण प्रीमियम आणि वेटिंग पीरियड बघा आधी. डिक्रीच्या आधी काढा, नंतर नाही. आणि तो प्रीमियम त्याने भरायचा हे टर्म्समध्ये लिहून घ्या.

विशाखा_ठाणे | बुधवार, सकाळी १०:००

घटस्फोट न घेता ज्युडिशिअल सेपरेशन नाही का होत? वेगळं राहायचं, लग्न कागदावर. म्हणजे मेडिक्लेम राहील.

काळाकोट | बुधवार, सकाळी १०:१८

होतं, कलम १०. पोटगी त्यातही मिळते. त्याला दुसरं लग्न करायचं असेल तर तो ऐकणार नाही. पण घाई त्याला आहे, ताईंना नाही, आणि बोलणी करताना घाई नसलेल्याचा हात वर असतो.

मुलुंड_चेकनाका | बुधवार, दुपारी १२:३०

ताई, आधार, पॅन, चेकबुक, अ‍ॅग्रीमेंटची मूळ प्रत कुणाकडे आहे? माझ्या काकूंकडे काही नव्हतं, सगळं चुलतभावाच्या कपाटात. म्हणून विचारतो.

खुर्चीतून_ऐरोली | बुधवार, दुपारी १:०५

त्याच्या कपाटात. वरच्या खणात. मला हात पुरत नाही, शब्दशः.

माझ्या अकाउंटचा यूपीआय पण त्याच्या फोनवर आहे. बँकेत सही जुळत नाही म्हणून दोनदा चेक परत आला होता, तेव्हापासून सगळं तोच बघतो.

काळाकोट | बुधवार, दुपारी १:२२

दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १३. तुम्हाला मालमत्तेचे सगळे व्यवहार करायचा बरोबरीचा हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याचाच त्या व्यवहारात फायदा-तोटा असेल तर त्याने मदत करण्यापासून लांब राहायचं. सही जुळत नसेल तर बँकेत नवीन सही किंवा अंगठा नोंदवता येतो. बाईंना सांगून कपाट उघडा. तुमचीच कागदपत्रं आहेत, चोरी नव्हे.

खुर्चीतून_ऐरोली | बुधवार, संध्याकाळी ५:४०

स्टुलावर चढून काढली बाईंनी. सोबत सोनाराची मोड-पावती पण सापडली, २०१२ ची, पार पिवळी झालीय. १५१०० ला लागला फोन तिसऱ्यांदा. नाव-नंबर घेतलाय, वकील मॅडम शनिवारी घरी येणार आहेत. शनिवारी. उद्या गुरुवार आहे.

निघून_आलेली | बुधवार, संध्याकाळी ५:५२

दिघ्याला राहते, दहा मिनिटांवर. उद्या सकाळी येऊन बसू का? मैत्रीण म्हणून. काही बोलणार नाही. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

हिशोबनीस | गुरुवार, सकाळी ११:३०

काय झालं?

कळवा_फाटक | गुरुवार, दुपारी १:१५

धागा वर काढतोय. ताई?

खुर्चीतून_ऐरोली | गुरुवार, रात्री ९:२०

लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन साडेदहाला आले साहेब. सोबत तो वकील आणि दोन साक्षीदार, एक त्याच्या ऑफिसचा. हॉलमध्ये एवढी माणसं गेल्या दोन वर्षांत नव्हती आली.

मी म्हटलं मला वाचायचंय. वकील म्हणाला वहिनी, नेहमीचंच आहे. तरी वाचलं, आठ पानं, हात कापतो म्हणून निघून_आलेली पानं धरत होत्या. बक्षीसपत्रच होतं, काळाकोट म्हणाले तसं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'लिहून देणार यांचे लिहून घेणार यांच्यावर असलेल्या नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी'. ते वाक्य मी मोठ्याने वाचलं. कुणी काही बोललं नाही. १५ लाखांचा सबंध कागदात कुठेही उल्लेख नव्हता.

मग साहेबांनी, त्यांना विचारावंच लागतं बहुतेक, विचारलं की ताई, वाचलंत ना, स्वखुशीने देताय ना?

मी म्हटलं नाही.

त्यांनी परत विचारलं नाही. मशीनची वायर गुंडाळली. नवरा माझ्याकडे बघत पण नव्हता, आत जाऊन सगळ्यांना चहा करून आणला त्याने, साहेबांनी घेतला, वकिलाने नाही घेतला.

आत्ता तो बाल्कनीत फोनवर आहे. आज बाईंना रात्री थांबायला सांगितलंय, ९०० जादा देऊन. मुलगा झोपला.

चाकावरचा_माणूस | गुरुवार, रात्री ९:२६

👏

काळाकोट | गुरुवार, रात्री ९:५०

छान. शनिवारी मॅडम येतील तेव्हा अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, यूडीआयडी, पिवळी पावती आणि वही एका पिशवीत ठेवा. त्या वाचलेल्या आठ पानांची प्रत तुमच्याकडे राहिलीय का?

खुर्चीतून_ऐरोली | गुरुवार, रात्री ९:५५

निघून_आलेलींनी पान धरता धरता फोटो काढलेत. सहावं पान थोडं हललंय.